माजी सैनिकांचा अग्रहक्क आणि चांद्याचे जंगल : भरतीच्या नकाशाचा इतिहास

१/
माजी सैनिकांना नोकरीत अग्रहक्क असावा का, हा वाद प्रत्येक मोठ्या भरतीच्या जाहिरातीसोबत पुन्हा पेटतो. समर्थक राष्ट्रसेवेचा दाखला देतात, विरोधक गुणवत्तेचा. मुळात माजी सैनिक होण्याची संधी कोणाला मिळाली, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजू टाळतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या बाजूने त्याच प्रश्नाचा हा धागा.

२/
प्रथम नियम. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत हे प्रमाण गट क साठी १४.५ आणि गट ड साठी २४.५ टक्के आहे. चंद्रपूरच्या तरुणासाठी याचा अर्थ ठोस आहे : तलाठी, वनरक्षक, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी.

३/
या अग्रहक्काला ‘गुणवत्तेवरील अन्याय’ म्हणणे उथळपणाचे आहे. राज्य शासनाचा लिपिक ५८व्या वर्षापर्यंत नोकरी करतो. सैन्याला तरुण जवान हवे असतात, म्हणून शिपाई पस्तिशी-चाळिशीतच घरी परततो. देश आपल्या गरजेसाठी त्याची कारकीर्द मध्येच थांबवतो. उरलेल्या वर्षांची सोय करणे हे उपकार नव्हेत, ते देणे आहे.

४/
पण हे देणे सैन्यातून बाहेर पडणाऱ्यालाच मिळते. ज्याला आतच येऊ दिले नाही, त्याचे नाव या हिशेबात कुठेच येत नाही. आत कोणाला घ्यायचे, हे इंग्रजी राजवटीने शौर्य पाहून ठरवले नव्हते. तिने जात आणि प्रदेश पाहून ठरवले.

५/
महाराष्ट्रातील सर्वांत स्पष्ट उदाहरण महारांचे. कंपनीच्या मुंबई सैन्यात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. तरीही १८९२ मध्ये त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायत सरकारपर्यंत दाद मागितली.

६/
पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्धाची गरज संपताच, १९२१ मध्ये, ती मोडली. महार रेजिमेंट स्थापन झाली १ ऑक्टोबर १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धात. मधला अपवाद सोडला, तर जवळजवळ अर्धे शतक दार बंद होते. निवृत्तिवेतन, पलटणीच्या शाळेतील शिक्षण, निवृत्तीनंतरची सरकारी चाकरी हे सारे त्या दारातूनच येत होते.

७/
आता चांदा. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि हा मुलूख कंपनीकडे गेला. चारच वर्षांत बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांशी झुंज दिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी झाली. या जंगलात लढणारी माणसे आहेत, याचा पुरावा खुद्द इंग्रजांच्याच दफ्तरात होता.

८/
तरीही भरतीच्या नकाशावर हा मुलूख कडेलाच राहिला. सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त बळावला आणि भरतीचा ओघ पंजाब, नेपाळ व वायव्य सरहद्दीकडे वळला. गोंडांच्या नावाची रेजिमेंट कधी उभी राहिली नाही. त्यांच्या वाट्याला आला तो जंगल कायदा. पिढीजात रानातच त्यांना गुन्हेगार ठरवणारा.

९/
‘आदिवासींचा कल सैन्याकडे नसतो’, हे उत्तर इतिहासात टिकत नाही. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या बिहार रेजिमेंटमध्ये छोटा नागपूरच्या आदिवासींची मोठी भरती झाली. १९७१ च्या युद्धात गंगासागरला धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते लान्सनायक अल्बर्ट एक्का हे उरांव आदिवासी होते. तिथे भरतीची वाट होती. चांद्याच्या जंगलात ती नव्हती. फरक कलाचा नव्हे, वाटेचा.

१०/
दारावरचा अन्याय पुढे नोकरीत उतरतो, हे अमेरिकेतही दिसले. मॅसॅच्युसेट्स राज्यात माजी सैनिकांना सरकारी नोकरीत जवळजवळ निरपवाद प्राधान्य होते. १९७१ च्या एका परीक्षेत हेलन फीनी दुसऱ्या आल्या, पण यादीत सहाव्या ठरल्या; वर असलेले पाचही पुरुष माजी सैनिक होते. सैन्यात स्त्रियांचे प्रमाण कायद्यानेच कित्येक वर्षे दोन टक्क्यांवर रोखलेले होते. १९७९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्राधान्य वैध ठरवले : हेतू स्त्रियांना वगळण्याचा नव्हता, म्हणून. हेतू शुद्ध होता. नुकसानही तितकेच खरे होते.

११/
‘स्वातंत्र्यानंतर भरती सर्वांना खुली आहे’, हा नेहमीचा आक्षेप. कागदावर तो बरोबर आहे. पण सैन्याची वाट मुलाला घरातला काका दाखवतो, गावातला निवृत्त सुभेदार दाखवतो, सैनिकी शाळा दाखवते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. चंद्रपूरची सैनिक शाळा २०१९ मध्ये. मध्ये गेली ५८ वर्षे. ती भरून काढल्याशिवाय ‘खुली’ हा शब्द अर्धाच खरा.

१२/
आणि क्षमतेची शंका तर १९९० नंतर कोणी घेऊच नये. त्या वर्षी गडचिरोली पोलिसांचे सी-६० पथक स्थापन झाले. स्थानिक तरुण त्यात दाखल झाले, आणि त्यांतील अनेकांनी प्राण दिले. पोलीस आणि सैनिक यांच्या सेवाशर्ती वेगळ्या, म्हणून त्यांची तुलना करण्याचे कारण नाही. परंतु भामरागड-एटापल्लीच्या मुलाला गणवेशाचा हाच एक दरवाजा ओळखीचा असावा, आणि तोही स्वतःच्याच गावांतील संघर्षात नेणारा, ही स्थिती न्याय्य नव्हे.

१३/
हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर सैन्यात कायम राहतील. बाकीच्यांसाठी केंद्रीय सशस्त्र दलांत २०२२ मध्ये १० टक्के जागा जाहीर झाल्या होत्या. बाहेरच्या दारावरील सवलती अशा वाढत असताना आतल्या दाराकडे दुर्लक्ष झाले, तर जुना नकाशाच नव्या शाईने गिरवला जाईल.

१४/
म्हणून मागणी अग्रहक्क रद्द करण्याची नव्हे. त्याने साताऱ्याच्या सैनिकाचे नुकसान होईल आणि कोरचीच्या मुलाला काहीच मिळणार नाही. मागणी अशी : सैन्यभरतीचे मेळावे गडचिरोलीतच भरावेत. सिरोंचा, धानोरा, जिवती येथे भरतीपूर्व प्रशिक्षण मिळावे, आणि ते गोंडी-माडिया समजणाऱ्यांकडून. सैन्यात घेतलेल्यांचे तालुकानिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत.

१५/
१८९२ चा हुकूम कधीच रद्द झाला. त्याच वृत्तीने आखलेला भरतीचा नकाशा मात्र कोणी हुकूम काढून रद्द केलेला नाही. तो रोजच्या कारभारात बदलावा लागेल. तोवर माजी सैनिकांचा अग्रहक्क हे देशाचे खरे कर्ज आहे, पण चांद्याच्या जंगलाला त्या कर्जाच्या वहीत अजून पुरते पानही मिळालेले नाही.