वरच्या ओळीत बघ

पहिल्या वर्षाचं सी प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल. सातव्या ओळीच्या शेवटी सेमिकोलन राहिलेला. टर्बो सी मात्र एरर दाखवतो आठव्या ओळीवर. मुलगी आठवी ओळ तीनतीनदा वाचते. तिथं काहीच चुकलेलं नसतं. ती सरांना हाक मारते. सर येतात, ‘वरच्या ओळीत बघ’ म्हणतात, वाकून स्वतःच सेमिकोलन टाकतात आणि पुढच्या पीसीकडे वळतात. दहा सेकंदांचं काम.

त्या दहा सेकंदांत तिच्या हातून शिकण्याची मोठी संधी गेली. सीमध्ये ओळ संपली म्हणून विधान संपत नाही. सेमिकोलन दिसेपर्यंत कंपायलर तेच विधान पुढं वाचत राहतो आणि न जुळणारा शब्द आला की थांबतो. म्हणजे चूक झाली ती जागा वेगळी, कळली ती वेगळी. हे तिला स्वतःला उमगलं असतं, तर पुढं पाचशे ओळींच्या प्रोग्रॅममध्येही ती एररच्या मागं मागं जात राहिली असती. अर्धा तास गेला असता, तर जाऊ द्यायला हवा होता.

म्हणून मुलांना एकटं सोडा, असं नाही. एकटं सोडलं की कोड ग्रुपवर फिरतो. आता तर चॅटजीपीटी तो आयता देतं. सरांनी वर्गात असलंच पाहिजे. पण वीस जणांची बॅच आणि दोन तास, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटं. ती सेमिकोलन टाकण्यात का जावीत? ‘कंपायलर इथंच का थांबला असेल?’ एवढं विचारावं, कीबोर्डला हात लावू नये, आणि पंधरा मिनिटांनी परत यावं. हे अवघड आहे. अडलेल्या मुलाकडे नुसतं बघत राहणं कुठल्याही चांगल्या शिक्षकाला जड जातं.

प्रॅक्टिकलचं जर्नल तर या धडपडीची दखलच घेत नाही. उद्दिष्ट, कोड, आउटपुट, सही. सगळे प्रोग्रॅम जणू पहिल्या फटक्यात चाललेले. टर्मवर्कचे गुण त्यावरच. प्रत्येक प्रयोगाखाली दोन ओळी जास्त मागाव्यात: पहिल्यांदा कोणती एरर आली, आणि चूक कुठं सापडली. ओरलला एक्स्टर्नल परीक्षकांनी आउटपुट सोडून त्या दोन ओळींवर प्रश्न विचारावेत.