शेवटचा हात कुणासाठी?

गिटार घ्यायला दुकानात शिरलेला आपला माणूस आधी ती उजेडाकडे तिरकी धरतो. पाठीत ट्यूबलाइट लख्ख दिसली की त्याचं समाधान होतं. मग तो रंग विचारतो, मग कव्हर फुकट मिळेल का ते विचारतो. तार छेडणं सगळ्यात शेवटी, तेही दुकानदारानं छेडायची आणि यानं मान डोलवायची. जी वस्तू आवाजासाठी बनते, ती आपण डोळ्यांनी विकत घेतो. आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतंय म्हटल्यावर बनवणाराही डोळ्यांसाठीच बनवतो.

मी नगरला राहतो. नोकरी सांभाळून घरी गिटारी बनवतो आणि लोकांनी आणून दिलेल्या गिटारी उघडून दुरुस्त करतो. त्या अनुभवाच्या जोरावर स्पष्ट सांगतो: आपल्या बाजारातल्या स्वस्त गिटारींवरचं जाड, चकचकीत पॉलिश ही लपवाछपवी आहे. खालचं काम दाखवायच्या लायकीचं नसतं, म्हणून ते चढवलेलं असतं. आणि हौसेनं गिटार बनवणारी आमची मंडळी आता त्याच चकाकीच्या मागे लागली आहेत, याचा मला जास्त संताप येतो.

आवाजाच्या भोकातून बॅटरी आणि छोटा आरसा आत घालून पाहा. बाहेरून शिसवी दिसणारी पाठ आतून साधं प्लायवूड निघते. शिसवीचा असतो तो वर चिकटवलेला पापुद्रा, पुष्कळदा तोही छापील. पोटाला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांना, म्हणजे ब्रेसिंगला, रंधा लागलेला नसतो. कुसं तशीच, फेविकॉलचे ओघळ तसेच वाळलेले, एखादी पट्टी अर्ध्यातून सुटलेली. बोटानं दाबली की खरखरते. आणि या सगळ्यावर, भोकातून नेमकं दिसेल अशा जागी, लेबल असतं: ‘हँडमेड’. हात लागले असतील, पण ते काम लवकर हातावेगळं करायला.

गिटारचं पोट, म्हणजे तारांखालची पुढची फळी, किती नाजूक असतं, हे कळलं की या प्रकारातला अपराध कळतो. स्टीलच्या सहा तारा सुरात आणल्या की त्यांची एकत्रित ओढ ७० किलोच्या आसपास जाते. ती पेलायची असते अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीनं. फळी जाड ठेवली तर ती हलत नाही आणि आवाज गुदमरतो. फार पातळ केली तर घोडीमागे फुगते आणि काही वर्षांत खचते. त्या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं म्हणजेच गिटार बनवणं. फळी दोन बोटांत अलगद धरून टिचकी मारायची, ऐकायचं, रंधा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. एवढं करून तयार झालेल्या फळीवर पाव मिलिमीटर, कधी त्याहूनही जाड, प्लास्टिकचा थर ओतला तर काय होणार? अडीच मिलिमीटरचा तो दहावा हिस्सा झाला. अर्थात बाजारातल्या गिटारीत फळी ऐकून घासलेलीच नसते, त्यामुळे थर ओतणाऱ्याला गमावण्यासारखं काही नसतं.

स्पेनचा आंतोनियो दे तोर्रेस, ज्याच्या आराखड्यावर आजची क्लासिकल गिटार उभी आहे, त्यानं १८६२मध्ये एक गिटार बनवली. तिचं पोट लाकडाचं होतं. पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या. आवाजाचा मूळ कारभार पोटाचा असतो, हे त्यानं असं सिद्ध केलं. त्यानंतर इतकी वर्षं उलटली, तरी आपण पाठीची चमक पाहून पैसे मोजतो आहोत.

उदाहरणासाठी स्पेनला जायचीही गरज नाही. नगरहून एका रात्रीच्या प्रवासावर मिरज आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचं काम सुरू केलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे वाद्याचं निर्णायक शेवटचं काम असतं जवारी काढण्याचं. कारागीर घोडीचा माथा कानशीनं किंचित घासतो, तार लावतो, ऐकतो, तार सैल करून पुन्हा घासतो. आवाज मोकळा होईपर्यंत हात थांबत नाही, आणि कुठे थांबायचं ते कान ठरवतो. भोपळ्यावरचं कोरीवकाम आणि चमक तिथेही असते, पण जवारी बिघडलेल्या तानपुऱ्याला ती चमक वाचवू शकत नाही. गवई तो परत करतो. गिटारच्या बाजारात मात्र शेवटचा हात स्प्रेगनचा असतो, आणि वाद्य परत करणारं कुणी नसतं.

कारण आपण ऐकत नाही. ‘आमच्या भागात गिटारचा कान कुणाला आहे?’ ही दुकानदारांची नेहमीची सबब. नगरमध्ये ती सबब कुणी सांगू नये. अमेरिकन मराठी मिशन या शहरात १८३१ साली आलं. इथल्या चर्चमधून भक्तिगीतं पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली आणि आज त्या गायनाच्या साथीला गिटार असते. दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांच्या समाधीला ३१ जानेवारीच्या अमरतिथीला जगभरातून माणसं येतात, आणि त्यांच्यात गिटार घेऊन गाणारेही असतात. ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड याच बाबांचा अनुयायी. १९७१च्या त्याच्या गाजलेल्या गाण्याच्या नावात बाबांचंच नाव आहे. ज्या गावाच्या वेशीवर इतकी गिटार वाजते, त्या गावाला कान नाही असं म्हणणं हा गावाचा अपमान आहे. कान आहे. दुकानात पाय ठेवला की आपण तो वापरत नाही.

आता नगरच्या हवेबद्दल. हा जिल्हा बराचसा पर्जन्यछायेतला. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला, तर मार्च ते मे हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसतं. मानेवरची पट्टी आक्रसते, पण धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत. त्यांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि बोटांना कापतात. पावसाळ्यात, ओल्या हवेत चिकटवलेलं पोट उन्हाळ्यात ताणलं जाऊन तडकतं. म्हणून इथे गिटार बनवणाऱ्यानं ब्रेसिंग कोरड्या दिवसांत चिकटवायला हवं, लाकूड घरात बरेच महिने मुरवायला हवं आणि फ्रेटची टोकं एकेक करून कानशीनं गोल करायला हवीत. या कामाला दिवस लागतात आणि ते फोटोत दिसत नाही. म्हणून ते वगळलं जातं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या कोऱ्या गिटारींच्या अंगावर ओरखडा नसतो आणि मानेच्या कडेवरून बोट फिरवलं तर रक्त येतं. फिनिशिंग, फिनिशिंग म्हणून ज्याची जाहिरात होते, ते फिनिशिंग हेच का?

फ्रेटच्या जागा हे तर शुद्ध गणित आहे. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेत पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, ३६.५ मिलिमीटरवर येतो, बारावा ३२५वर. खाच चुकली तर ती गिटार जन्मभर बेसूर राहणार. तिच्यावर दहा थर चढवा नाहीतर पन्नास.

चकाकी हवीच असेल, तर ती आपल्या घरात आहे. पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर लाखेचे किडे वाढतात. झारखंड, छत्तीसगडपासून आपल्या गोंदिया-गडचिरोलीपर्यंत लाख निघते. तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून जगातले उत्तम क्लासिकल गिटार बनवणारे आजही पॉलिश करतात. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज ज्या ७८च्या तबकड्यांतून घरोघरी गेला, त्या तबकड्याही लाख वापरूनच बनत. आपल्या जुन्या सुतारांना हे पॉलिश तोंडपाठ होतं. कापसाचा बोळा, त्यावर धुऊन मऊ झालेलं सुती कापड, तेलाचा एक थेंब, आणि हात न थांबवता गोल-गोल फिरवणं. हात थांबला की तिथे डाग पडतो. बोळ्याच्या एकेका फेरीत इतका कमी चपडा बसतो की फळी मोकळी राहते. आणि हे पॉलिश खोटं बोलत नाही: खाली कानशीचा एक चरा राहिला असेल तर तो ते झाकत नाही, उठवून दाखवतं. म्हणूनच ते नको असतं.

त्याऐवजी काय वापरलं जातं? दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि ती श्वासावाटे गेल्यानं कायमचा दमा जडू शकतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला चांगली माहीत आहे. मी अशी पॉलिशची शेड आतून पाहिली आहे. स्प्रेगन धरणारा पोरगा विशीतला, तोंडाला रुमाल, पंखा बंद, कारण पंख्यानं धूळ उडून चकाकीवर बसते. गिटारवर धूळ बसू नये म्हणून त्या पोराच्या छातीत विष भरलं तरी चालतं. चकाकी पाहून खूश होणाऱ्या प्रत्येकानं तिची ही किंमतही माहीत करून घ्यावी.

आणि आता आमच्या हौशी मंडळींकडे वळतो. बाजाराचं समजू शकतो. तिथे भाड्याचा, व्याजाचा, मजुरीचा रेटा असतो. आपल्यावर कोणता रेटा आहे? कुणी मुदत घातलेली नाही, कुणी गिऱ्हाईक दारात उभं नाही. हौसेची सगळी श्रीमंती म्हणजे वेळ, आणि नेमका तोच आपल्याला द्यायचा नसतो. तयार कापलेले भाग मागवायचे, दोन रविवारांत चिकटवायचे आणि उरलेला महिना आरशासारखी पाठ करण्यात घालवायचा. वर सांगायचं, ‘शिसवीची आहे.’ आपल्या शिसवीचा इतिहास तरी ठाऊक आहे का? ब्राझीलची रोझवूड दुर्मिळ झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं १९६९पासून भारतीय शिसव वापरायला घेतली, आणि तेव्हापासून जगातल्या नामवंत गिटारींच्या पाठी आपल्या जंगलांतून गेल्या. २०१७मध्ये या झाडाच्या सगळ्या प्रजातीवर (जीनसवर) आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९मध्ये सूट मिळाली. इतकं मोलाचं लाकूड घ्यायचं आणि त्यावर बाटलीतलं प्लास्टिक ओतायचं, ही हौस मला मान्य नाही. जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा वखारीत मिळतो, तूनचं लाकूड मिळतं. त्यावर हात बसू द्या. शिसव नंतर.

माझ्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, लाखेचं पॉलिश नाजूक असतं: घामानं पांढरं पडतं, उन्हात मऊ होतं. खरं आहे. पण ते एका संध्याकाळी पुन्हा दुरुस्त होतं. प्लास्टिकचा थर तडकला की खरवडून काढावा लागतो. ज्याला लाख जमणार नाही त्यानं तेल लावावं, लॅकरचे पातळ हात द्यावेत. माझं भांडण जाडीशी आणि झाकण्याशी आहे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. स्वस्त गिटार नसेल तर खेड्यातल्या पोरानं शिकायचं कशावर? या कळवळ्याचा आव आणणाऱ्यांनीच त्या पोराचं सर्वात जास्त नुकसान केलं आहे. पाथर्डी-शेवगावकडचा मजुराचा मुलगा महिनाभराची बचत घालून गिटार घेतो. तारा मानेपासून इतक्या उंच की दाबता दाबता बोटं सोलतात, वरच्या फ्रेटवर सूर लागत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. तो गिटार माळ्यावर टाकतो. श्रीमंताचं पोर दुसरी गिटार घेतं. हा संगीतच सोडतो. प्लायवूडला माझी हरकत नाही. प्लायवूडची म्हणून विका, साधी रंगवा किंवा बिनरंगाची ठेवा, आणि पॉलिशवर घालवलेले तास नट घासण्यात, फ्रेट समतल करण्यात, घोडीची उंची बसवण्यात घाला. त्याच किमतीत वाजणारी गिटार मिळेल.

म्हणून मागणं सरळ आहे. दुकानदारांनी प्रत्येक गिटारवर लिहावं: पोट अखंड लाकडाचं की प्लायचं. क्लास चालवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी मुलांना गिटार आतून दाखवावी. आयटीआयच्या सुतारकामात वाद्यदुरुस्ती यावी. याच शहरात एकेकाळी मिशनच्या औद्योगिक शाळेत पोरं सुतारकाम शिकत होती. घेणाऱ्यानं डोळे मिटून बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेशी ताडून पाहावा, मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवावं, आणि मगच रंग विचारावा.

आणि हौसेनं बनवणाऱ्यानं एक शिस्त पाळावी. पॉलिशचा बोळा हातात घेण्याआधी तारा चढवायच्या, गिटार कोरीच वाजवायची आणि ज्याला संगीत कळतं अशा माणसाला ऐकवायची. ती कोरी वाजत नसेल, तर तिला पॉलिशची गरज नाही. पोट सोडवायचं, ब्रेसिंग पुन्हा घासायचं आणि पुन्हा ऐकायचं.