खाऱ्या पाण्याचा हिशेब

वर्षावासातल्या एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका वयोवृद्ध उपासिकेने सर्वांदेखत विचारले, "सकाळी पहिलं शील घ्यायचं आणि घरी जाऊन मासे काचेत कोंडायचे, हे कसं?" रोख होता आमच्या कॉलनीतल्या एका तरुणाकडे. पोरगा प्राणिशास्त्राचा पदवीधर. दोन वर्षे अर्ज करून थकला आणि घरातच क्लाऊन माशांची पैदास करू लागला. त्यासाठी आईने बचत गटातून वीस हजारांचे कर्ज काढले. गटाच्या वह्या आम्ही लिहितो, कर्जाला शिफारसही आमचीच. तेव्हा प्रश्न आम्हालाही लागू होता.

२००३ सालच्या 'फाइंडिंग नेमो' चित्रपटामुळे मुलाबाळांना ठाऊक झालेला हाच तो मासा. बोटभर लांबी, केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. समुद्रात तो समुद्रफुलाच्या विषारी बोंडांत बिनधास्त राहतो. घरच्या टाकीत समुद्रफूल नसले तरी त्याचे अडत नाही. अडते ते पाण्यावर. जेवणातले मीठ चालत नाही, वेगळे समुद्री मीठ मिळते, ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागते. टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला महिना-दीड महिना जातो. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही.

पोराच्या आजीने टाकी पाहिली आणि म्हणाली, "१९२७ ला चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, आणि तू घरात तळं बांधलंस, तेही खारट!" म्हातारी हसत होती, पण टाकीपाशी रोज बसायचीही तीच.

पहिली चूक जोडी निवडताना झाली. पोराने दोन दुकानांतून दोन चांगले मोठे मासे आणले. ते एकमेकांवर तुटून पडले आणि आठवड्यात एक मेला. पोराने पुस्तकात वाचलेले होते, पण घाई नडली. क्लाऊन माशांत सगळे आधी नर असतात. टोळीत जो सर्वांत मोठा तो मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो, बाकीचे नुसते थांबून असतात. मादी मेली की नराची मादी होते आणि रांगेतला पुढचा नर बनतो. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. आपल्याकडे आलेले दोन्ही मोठे मासे मादीच असणार, असे पोराने नंतर कबूल केले. मग उरलेल्या मादीजवळ एक लहान मासा सोडला. आमच्या कचेरीतही बढतीची रांग अशीच चालते, फक्त तिथे वरचा जाईपर्यंत तिशी-चाळिशी उलटते.

अंडी यायला आठ महिने लागले. तोवर कर्जाचे दहाही हप्ते आईने डबे करून फेडले होते, हे नोंदवून ठेवतो.

मातीची कुंडी आडवी ठेवली होती, तिच्या आत केशरी ठिपके दिसले, दोनेकशे असतील. मादी अंडी घालून मोकळी. पुढचे सगळे नराकडे. पंखांनी पाणी हलवत राहायचे, खराब झालेले अंडे खाऊन टाकायचे, जवळ आलेल्या बोटाला चावायचे. महिला मंडळाच्या बायका मुद्दाम नवऱ्यांना घेऊन बघायला आल्या. आमच्या घरातूनही आम्हाला बोलावणे आले, ते का, हे सांगायला नको.

आठवड्याने अंडी काळसर पडली, त्यांत चंदेरी डोळे चमकू लागले. अंडी फुटतात ती रात्री, दिवे बंद केल्यावर. पोराने अंधारात बॅटरी धरली, उजेडाकडे आलेली पिल्ले भांड्याने दुसऱ्या टाकीत घेतली. या पिल्लांचे तोंड एवढेसे, की त्यांना रोटिफर नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जिवंत जीव लागतो, आणि त्या रोटिफरांना खायला हिरवे शेवाळी पाणी. म्हणजे मासे पोसायचे तर आधी त्यांचे अन्न पोसायचे, आणि त्याच्याही आधी अन्नाचे अन्न. चौथ्या दिवशी रोटिफरांची बरणी नासली. सहाव्या दिवशी एकही पिल्लू उरले नाही. पुढच्या खेपेला रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. तिसऱ्या खेपेला दोन बरण्या ठेवल्या, बॅटरीवरचा पंप घेतला. दोन आठवड्यांनी डोक्याजवळ पहिला पांढरा पट्टा उमटला, तेव्हा आजीने कॉलनीभर सांगितले.

पोराने विहारात उत्तर दिले ते असे. समुद्रातले असे मासे धरताना फिलिपाइन्स-इंडोनेशियात सायनाइड फवारून गुंगवतात, त्यात प्रवाळही मरते. घरात वाढलेला एक मासा विकला तर समुद्रातला एक सुटतो. उपासिका म्हणाल्या, "आणि पहिल्या दोन खेपांची पिल्लं?" पोरगा गप्प राहिला. आम्हीही.

वहीत आकडे असे आहेत. टाक्या, पंप, मीठ, मासे मिळून खर्च ३१,४००. विजेचे जादा बिल वेगळे. विक्री ३१ पिल्ले, दर १५० रुपये, एकूण ४,६५०. आईच्या आणि आजीच्या मेहनतीचा रकाना आम्ही आखला, पण त्यात काय भरायचे ते दोघी सांगत नाहीत. गटातल्या आणखी दोन बायांनी असेच कर्ज मागितले, तेव्हा आम्ही सही थांबवली. आधी ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात शोभिवंत समुद्री माशांचे काम चालते ते बघून या, असे सांगितले. दोघी रागावल्या आहेत.

चार पिल्ले पोराने विकली नाहीत. त्यांतली मोठी दोन आता वेगळ्या टाकीत आहेत, आणि कुंडीत परवा पुन्हा केशरी ठिपके दिसले.