आपलंच क्षेपणास्त्र, आपलीच माणसं

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या कारवाईचा दुसरा दिवस. सकाळी नौशेराच्या आकाशात भारत आणि पाकिस्तानची लढाऊ विमानं एकमेकांना भिडली होती. त्याच सुमारास श्रीनगरच्या हवाई तळावरून उडालेलं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर अवघ्या दहा मिनिटांत बडगाम जिल्ह्यातल्या गारेंड कलान गावाजवळ कोसळलं. आतले सहाही जण गेले. खाली जमिनीवरचा गावातला एक तरुणही गेला.

त्या दिवसाची आठवण काढली की आपल्या ओठांवर एकच नाव येतं, ते विंग कमांडर अभिनंदन यांचं. ते यावंच. पण १ मार्चला पाकिस्तानच्या ताब्यातून ते परतणार म्हणून अख्खा देश वाघा सीमेवर डोळे लावून बसला होता, तेव्हा नाशिककरांनी त्या हेलिकॉप्टरमधल्या स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांना साश्रू नयनांनी निरोप दिला होता. हा नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचा विद्यार्थी. संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व संस्थेतून एनडीएत गेला आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला. शेजारच्या आसनावर चंडीगडचे स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ होते. मागे सार्जंट विशाल कुमार पांडे, सार्जंट विक्रांत सहरावत, कॉर्पोरल दीपक पांडे आणि कॉर्पोरल पंकज कुमार. वाराणसी, झज्जर, कानपूर, मथुरा अशी एकेकाची गावं.

हेलिकॉप्टर म्हटलं की आपल्याला वैमानिक तेवढा दिसतो. एमआय-१७ च्या कॉकपिटमध्ये मुख्य वैमानिक डावीकडे, सहवैमानिक उजवीकडे आणि दोघांच्या मधे, दारातच, घडीच्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर बसतो. इंजिनांच्या काट्यांवर नजर त्याची. मागच्या पोकळ पोटात बाकीचे सहकारी. सैनिक पोचवायचे, जखमी उचलायचे, पुरातल्या छपरावरून माणसं काढायची, ही सगळी कामं याच यंत्राची. ते लढाऊ विमानासारखं सुसाट पळू शकत नाही. वर नेम धरणाऱ्यापुढे ते उघडंच असतं.

कारगिलमध्ये याची किंमत आपण मोजली होती. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगच्या परिसरात रॉकेटं डागायला गेलेल्या एमआय-१७ वर शत्रूचं स्टिंगर क्षेपणास्त्र आदळलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राज किशोर साहू हे चौघे हुतात्मा झाले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून एमआय-१७ मागे घेण्यात आली.

बडगामचं दुःख मात्र वेगळं आहे. तिथे मारणारा शत्रू नव्हता.

पहिल्या दिवशी बातमी अपघाताची होती. मग कुजबुज सुरू झाली, चौकशी बसली. लोकसभेची निवडणूक झाली, निकाल लागले, पावसाळा संपला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं आणि ही आपली मोठी चूक होती. तोवर सात महिने उलटले होते.

रात्री गोव्यातल्या आमच्या इब्रामपुरात वाटेवर सावली दिसली की आपण हाक मारतो, ‘कोण रे तो?’ समोरचा ओ देतो आणि जीव भांड्यात पडतो. आकाशात हेच काम आयएफएफ नावाची यंत्रणा करते. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो, विमानातून सांकेतिक उत्तर येतं. हेलिकॉप्टरची ही यंत्रणा त्या सकाळी बंद होती, अशी माहिती पुढे आली. जमिनीवरचा ताळमेळही चुकला. पुढे लष्करी न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. दोष कुणाचा किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. माझं म्हणणं एवढंच, की हे सत्य सांगायला सात महिने लागायला नको होते.

१४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर अमेरिकेच्याच एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं शत्रूची समजून पाडली. २६ माणसं गेली. चौकशीचा अहवाल त्याच वर्षी जुलैत लोकांसमोर आला. चूक कबूल केल्याने कुठलंही सैन्य दुबळं होत नाही. चूक झाकली की तीच पुन्हा घडते.

मोपाच्या सड्यावरून उडालेली विमानं हल्ली आमच्या डोक्यावरून जातात. २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेल्या त्या विमानतळाला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे, जे देशाचे संरक्षणमंत्री होते. विमान दिसलं की पोरं अजून अंगणात धावतात. त्यातलं एखादं उद्या हवाई दलात जाईल. त्याच्या आईबापांना आपण काय शब्द देणार? शत्रूशी झुंजताना काही झालं तर देश पाठीशी उभा राहील, हे आपण सांगतोच. आपल्याच हातून काही झालं तर आधी तुम्हाला खरं सांगू, हेही सांगता आलं पाहिजे.

निनाद यांच्या वीरपत्नीने त्या दिवसांत समाजमाध्यमांवर युद्ध खेळणाऱ्यांना खडसावलं होतं. एवढा जोश असेल तर सैन्यात भरती व्हा, असा त्यांचा रोख होता. घरातला माणूस गेल्यावर इतकं शहाणपण दाखवणाऱ्या बाईचं ऋण घोषणा देऊन फिटणार नाही. निनाद आणि सिद्धार्थ यांना मरणोत्तर वायुसेना पदक मिळालं, ते योग्यच झालं. पण मानाबरोबर खरी हकीकतही त्यांच्या हक्काची होती, आणि तीही वेळेवर.

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपला मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रज नाशिकचे, निनादही नाशिकचे. पेडणे-डिचोलीच्या मराठी शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. यंदा त्या दिवशी मुलांना या सहा जणांची नावं वाचून दाखवा आणि ते कसे गेले, तेही काही न लपवता सांगा.