दुभाषी

आमच्या घरच्या संगणकाला नवरात्रात फेफरे भरले. सुरू करावा, चार ओळी टंकाव्यात, की स्वारी बंद; आणि पुन्हा आपणहून श्रीगणेशा! सत्राची प्रश्नपत्रिका तीनदा अशी गडप झाल्यावर माझा संयम सुटला. ‘रात्रंदिवस खेळ खेळून तूच बिघडवलास,’ असे मी कन्येला सुनावले. ती रडली नाही. नुसती बोलेनाशी झाली. तेव्हापासून आम्हां दोघांचे निरोप हिच्यामार्फत जाऊ लागले.

अखेर साखर पेठेतला माझा एक जुना विद्यार्थी आला. आधी त्याने संगणकाचे आपोआप पुन्हा सुरू होणे बंद केले. त्यासरशी क्षणात नाहीसा होणारा निळा पडदा ठाण मांडून बसला आणि त्यावरचा दोष वाचता आला. मग त्याने ‘सेफ मोड’ लावला. त्यात अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. संगणक तासभर शहाण्या मुलासारखा वागला.

‘सर, यंत्र धडधाकट दिसतंय. ड्रायव्हरची भानगड आहे.’

‘म्हणजे याला चालवणारा निराळा असतो की काय?’

तो हसला. ‘चालक नव्हे सर, दुभाषी म्हणा. आमच्या आजीला तेलुगूच येतं, डॉक्टर मराठीत बोलतात. मधे मी उभा. मी चुकीचं सांगितलं, तर दोष आजीचा नाही, डॉक्टरांचाही नाही. पण गोळी चुकीची जाते!’

मराठी, कानडी, तेलुगू एकाच पेठेत ऐकणाऱ्या सोलापूरकराला याहून सोपे करून काय सांगावे? पडदा, छपाईयंत्र, ध्वनी, प्रत्येकाचा दुभाषी वेगळा. त्यांतले कित्येक थेट संगणकाच्या गाभाऱ्यात बसतात. तिथे एकाची जीभ घसरली की सारा कारभार ठप्प. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-ड्रायव्हरला सदोष फाईल मिळाली, तर जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले!

विद्यार्थ्याने ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून पडद्याचा ड्रायव्हर शोधला, ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून जुना परत आणला. दुखणे थांबले. पण नवा कधी बसवला, याची नोंदही तिथेच होती: रविवार, रात्री दहा.

त्या रविवारी कन्या अक्कलकोटला मावशीकडे होती. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत’ ही जाहिरात पाहून बटण दाबणारे बोट माझेच होते. ड्रायव्हर घ्यायचा तो यंत्र बनवणाऱ्याकडूनच, हे मला आता कळले.

विद्यार्थी गेल्यावर मी हिला हळूच म्हटले, ‘तिला सांग, चूक माझी होती.’

ही भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मधे मी कशाला? स्वतःच सांगा.’

मी उठलो आणि कन्येच्या खोलीचे दार वाजवले.