दोन भाचे आणि एक आभासी लक्ष्मी

मी मराठीचा मास्तर. हिशेबाचे आणि माझे कधी जमले नाही. तरी यंदा श्रावणात आमच्या धाकट्या भाच्याने मला प्राप्तिकर शिकवला.

विवरणपत्र भरायच्या आदल्या रात्री तो घरी आला. चेहरा उतरलेला.

"मामा, क्रिप्टोच्या एका नाण्यात दोन लाख मिळाले, दुसऱ्यात दोन लाख गेले. हाती शून्य. तरी साठ हजार कर, वर उपकर!"

पोराची वजाबाकी चुकली असावी, असे मला वाटले. पण चूक नव्हती. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. खरेदीची किंमत तेवढी वजा होते. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढल्या वर्षावरही ढकलता येत नाही.

थोरला भाचा म्युनिकला असतो. त्याने २०२१ साली घेतलेले बिटकॉइन २०२४ साली विकले. कर शून्य! जर्मनीत वर्षभर धीर धरून मग विकले, तर नफा तुमचा. वर्षाच्या आत विकले, तर तो नेहमीच्या उत्पन्नात धरतात. पण अशा व्यवहारातला तोटा अशाच नफ्यातून वजा होतो.

मास्तरांच्या खोडीप्रमाणे मी शब्दांकडे पाहिले. आपला कायदा या वस्तूला चलन म्हणत नाही, 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हणतो. जर्मन कायदाही तिला मालमत्ताच समजतो आणि घरातल्या जुन्या चित्रासारखी वागवतो. आपल्याकडे नाव मालमत्तेचे, पण कराचा दर लॉटरीच्या बक्षिसाचा!

बरे, राखणीचे काय? रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना या व्यवहारापासून दूर ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते परिपत्रक रद्द केले. कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०२२ साली संसदेत स्पष्ट केले. २०२३ साली हे बाजार काळ्या पैशाला आळा घालणाऱ्या कायद्याखाली आले. जर्मनीत मात्र दुसऱ्याची नाणी सांभाळणाऱ्या पेढीला २०२० पासून परवाना लागतो, आणि २०२४ अखेर लागू झालेल्या युरोपीय कायद्याने गिऱ्हाइकाची ठेव वेगळी राखावी लागते. भाव कोसळला तर तिथेही कोणी भरून देत नाही, हे खरे.

सरकारची धास्ती मला समजते. माझ्या वर्गातली मुलेही बाकाखाली भाव पाहत असतात. जबर करामुळे त्यातली चार जरी परतली, तरी चांगलेच. पण ज्याच्या हाती काहीच उरले नाही, त्याच्याकडून कसला कर घ्यायचा? सावकारसुद्धा जमा आणि नावे अशी दोन्ही पाने पाहतो.

थोरला म्हणाला, "मी पाठवतो पैसे." धाकट्याला ते लागले. शेवटी मी दिले, आणि आईला सांगणार नाही असे वचनही दिले.

ताई भाऊबीजेला येणार आहे. दर दिवाळीला ती हा अंक अथपासून इतिपर्यंत वाचते, हे मला आता आठवते आहे.