कुलूप लावलेलं घर



घराला कुलूप लागलं की घर म्हातारं होतं, असं माझ्या सासूबाई म्हणत. सासवडचा आमचा जुना वाडा त्या गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं बंद आहे. माउलींची पालखी सासवडला मुक्कामाला येते ना, तेव्हा आमच्या ओसरीवर तीस-चाळीस वारकरी उतरायचे. पिठलं-भाकरीच्या पंगती रात्री उशिरापर्यंत चालत. आता धाकटे दीर म्हणतात, “पाडून टाकू.” खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं.

परवा शाळेच्या मुलींना घेऊन विश्रामबागवाड्यात गेले. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ च्या सुमारास हा वाडा राहण्यासाठी बांधला. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण वाडा ओस पडला नाही. १८२१ मध्ये तिथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत काही भाग जळाला, तो पुन्हा उभारला. पुढे नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कचेरी आली. अलीकडच्या काळात महापालिकेनं टप्प्याटप्प्यानं त्याची डागडुजी केली.

एका मुलीनं विचारलं, “बाई, मग शनिवारवाड्याचा नुसता चौथराच का उरला?” तोही १८२८ मध्ये जळाला होता. मी म्हटलं, “अगं, जळालेलं परत बांधायला ते कुणाला तरी हवं असावं लागतं.” बोलून गेले, आणि सासवडची ओसरी डोळ्यांपुढे आली.

घरी येऊन यजमानांशी बोलले. एका जाणत्या गवंड्याला वाडा दाखवला. त्यानं सांगितलेलं तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिलं काम छपराचं. मृग लागण्याआधी कौलं चाळून घ्यावीत. वरून पाणी गळत असताना भिंती रंगवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं वरून मोडू नये, मूळ काढावं. नाहीतर ते पुन्हा फुटतं आणि दगड सुटे करतं.

तुळयांची भिंतीत गेलेली टोकं ठोकून पाहावीत. पोकळ आवाज आला तर वाळवी किंवा कूज समजावी.

आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, बरं का! चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंटनं ती आत कोंडते. आमच्या न्हाणीघराशेजारच्या भिंतीला पूर्वी एकानं सिमेंट फासलं होतं, दोन पावसाळ्यांत पोपडे निघाले. तेव्हा मी म्हटलं होतं, “जुनं बांधकाम, असंच व्हायचं!” चूक जुन्या भिंतीची नव्हती, हे आता कळलं.

सगळा वाडा एकदम दुरुस्त करण्याइतका पैसा आमच्याकडे नाही. म्हणून यंदा छप्पर, ओसरी आणि रस्त्याकडच्या दोन खोल्या एवढंच करायचं ठरलं. त्या खोल्यांत गावातल्या मुलींसाठी अभ्यासिका काढायची, वारीत ओसरी वारकऱ्यांची. दीर अजून कुरकुरतात, पण मोजमाप घ्यायला तेच आले होते! जाऊबाईंनी तर माळ्यावरची मोठी पातेली उतरवून कल्हईला दिलीसुद्धा.

तुमच्याही गावी असं एखादं कुलूप लागलेलं असेल. पाडायचं की ठेवायचं ते मागाहून ठरवा. आधी एकदा जाऊन दारं-खिडक्या उघडा, केर काढा आणि चूल पेटवून चहा करा. मग बोला.